एव्हरेस्ट बेस कॅम्प : दिवस किती ठेवावेत?

सह्यसखी

गेल्या महिन्यात दोन मैत्रिणींनी मला व्हॉट्सॅपवर एव्हरेस्ट बेस कॅम्पची वेळापत्रकं पाठवली. दोघींचा प्रश्न एकच, "हे बरं वाटतंय का गं?" दोन्हींत लुक्ला (इथे विमान उतरतं आणि चालणं सुरू होतं) ते लुक्ला नऊ दिवस, आणि वाटेत नामचेला मुक्काम एकच रात्र. मी दोघींनाही फोन करून नको म्हटलं. का नको ते सांगता सांगता वाटलं, हे इथे सविस्तर लिहायलाच हवं.

२०२२च्या ऑक्टोबरात मी आणि नवरा अशाच वेळापत्रकाने गेलो होतो. आम्ही दोघंही वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय, अलंग-मदन-कुलंग झालंय, कात्रज ते सिंहगड तर दर वर्षी एका रात्रीत. ज्यांच्याबरोबर गेलो ते म्हणाले, "तुम्ही सह्याद्रीतली माणसं, तुम्हाला विश्रांतीचे दिवस कशाला?" आम्हालाही ते पटलं. सुट्टी वाचत होती, पैसे वाचत होते.

पण आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लुक्लाला विमानातून उतरता तेव्हाच तुम्ही त्याच्या बाराशे मीटर वर असता. पुढचे मुक्काम असे होते: फाकदिंग २,६१०, नामचे ३,४४०, तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९४०. पाच दिवस, पाच मुक्काम, मध्ये एकही दिवस थांबणं नाही.

दिंगबोचेला नवऱ्याचं डोकं दुखायला लागलं. उन्हाने असेल म्हणून गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी लोबुचेला पोचेपर्यंत तो गप्प गप्प झाला होता. थकलाय, असं मला वाटलं. संध्याकाळी जेवणघरात शेकोटीपाशी बसलो होतो, त्याला बाहेर जायचं होतं म्हणून बूट चढवले. एक नाडी बांधायला त्याला पाच मिनिटं लागली. दुसरी दोन्ही हातांत धरून तो नुसता तिच्याकडे बघत बसला. गाठ कशी मारायची तेच त्याला आठवत नव्हतं.

आमच्या वाटाड्या दाईंनी (नेपाळीत दाई म्हणजे मोठा भाऊ) ते पाहिलं. ते काही बोलले नाहीत. त्याला हाताला धरून उभं केलं आणि जमिनीतल्या लाकडी फळीच्या रेघेवर चालायला लावलं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत. तिसऱ्या पावलाला तो भिंतीवर गेला. दाईंनी मला विचारलं नाही, सांगितलं : आत्ता खाली. सकाळी नाही, आत्ता.

रात्री आठला निघालो. बॅटऱ्यांच्या उजेडात, एक हमालभाऊ पुढे, दाई नवऱ्याला कमरेला धरून, मी मागे. थुकलाच्या उतारावर गिर्यारोहकांची स्मारकं आहेत, त्या दगडांच्या मधून आम्ही उतरत होतो, आणि माझ्या मनात काय येत होतं ते मी इथे लिहीत नाही. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, १९७३पासून हंगामात चालतो. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, डेक्सामेथासोन दिलं. मेंदूला सूज यायला लागली होती. पहाटे त्याने मला नावाने हाक मारली आणि चहा मागितला.

२०२४च्या एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा गेलो. तोच नवरा, तीच वाट, दाईही तेच. या वेळी वेळापत्रक मी बनवलं : फाकदिंग एक रात्र, मोंजो एक, नामचे तीन, पांगबोचे एक, दिंगबोचे तीन, थुकला एक, लोबुचे एक, गोरकशेप एक, मग उतरताना फेरिचे, नामचे, लुक्ला. पंधरा रात्री. थांबायच्या दिवशी खोलीत लोळायचं नाही. तीन-चारशे मीटर वर चढायचं, तासभर बसायचं आणि झोपायला खाली यायचं. नामचेहून स्यांगबोचे आणि खुमजुंग, दिंगबोचेहून मागची नांगकरत्सांगची धार. गोरकशेपच्या वरच्या काला पत्थर टेकडीवर पहाटे उभे होतो तेव्हा नवऱ्याने स्वतःच्या हाताने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधून दाखवली.

ज्यांना जायचंय त्यांनी विचारा. जेवढं माहीत आहे तेवढं सांगते.

कोकणकडा

सखीताई, वाचताना अंगावर काटा आला. तरीही एक सांगतो, राग मानू नका. मी २०१९ला नऊ दिवसांतच केला, आम्ही सहा जण होतो, सगळे बेस कॅम्पला पोचलो. सगळ्यांनाच इतके दिवस लागतात असं नाही. नोकरदार माणसाला सोळा-सतरा दिवस सलग रजा मिळत नाही, हेही खरं आहे. तयारी चांगली असेल, सिंहगड पाठीवर दहा किलो घेऊन तासाभरात चढत असाल, तर जमतं.

स्टेथो

मी एमडी आहे, आणि डॉक्टर म्हणून दोन हिमालयी मोहिमांबरोबर गेले आहे. कोकणकडा यांच्या मुद्द्याला उत्तर देते, कारण बहुतेकांच्या मनात तेच असतं.

उंचीवर हवेतला ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पला, म्हणजे ५,३६४ मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे एका श्वासात निम्माच ऑक्सिजन येतो. शरीर त्याच्याशी जुळवून घेतं, पण स्वतःच्या वेगाने घेतं. श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातली आम्लता सांभाळतात, आणि या सगळ्याला दिवस लागतात. सिंहगड कितीही वेळा चढलात तरी ते दिवस कमी होत नाहीत. तंदुरुस्तीने पाय दमत नाहीत, एवढंच. उलट तंदुरुस्त तरुण मुलं वाट लवकर संपवतात आणि जास्त वर जाऊन झोपतात, म्हणून तीच जास्त अडकलेली मी पाहिली आहेत. एकदा काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असंही नसतं.

नियम असा : ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. सखीचं पहिलं वेळापत्रक फाकदिंग ते लोबुचे कुठेही न थांबता गेलं होतं. ते वाचूनच मला पुढचं कळलं.

लक्षणांबद्दल. डोकेदुखी, आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा, असं काहीही असेल तर ते उंचीमुळेच आहे असं धरायचं. ऊन, अपुरी झोप, कालचं जेवण, ही कारणं मागाहून शोधा. डोकं दुखत असताना वर जायचं नाही. आणि या तीन गोष्टी दिसल्या तर त्याच क्षणी खाली : बसल्या जागी धाप लागणं, सरळ रेषेत चालता न येणं, वागण्या-बोलण्यात घोळ. दाईंनी फळीवर केली ती चाचणी आम्हीही अगदी तशीच करतो. नाडी बांधता न येणं हेही तेच.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल विचारणार असालच. ॲसिटॅझोलामाइड, प्रतिबंध म्हणून साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि ती घेतली म्हणून दिवस कापायचे नाहीत. दारू आणि झोपेच्या गोळ्या चढताना पूर्ण बंद.

तिफण

माहितीबद्दल आभार दोघींचे. कागदपत्रं आणि पैशांबद्दल कुणी सांगेल का? आधार चालतं का?

मेघदूत

मी चार वर्षं काठमांडूत नोकरीला होतो, म्हणून हे मी सांगतो.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, आधारवर विसंबू नका. आपला एक रुपया म्हणजे नेपाळी १ रुपया ६० पैसे, हा दर ठरलेला आहे. सगरमाथा (एव्हरेस्टचं नेपाळी नाव) राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क सार्क देशांच्या नागरिकांना निम्मं आहे, इतरांना ३,००० नेपाळी तर आपल्याला १,५००, वर कर. दुसरी पावती खुंबू पासांगल्हामू ग्रामपालिकेची, खुंबू म्हणजे एव्हरेस्टखालचा हा भाग. पासांगल्हामू शेर्पा म्हणजे एव्हरेस्टवर पोचलेली पहिली नेपाळी स्त्री. १९९३ साली शिखरावरून उतरताना ती गेली. पावती हातात घेताना हे नाव कुणाचं ते माहीत असावं, असं मला वाटतं.

विम्यात ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने खाली आणणं, दोन्ही शब्दांत लिहिलेलं हवं. आपल्याकडच्या साध्या प्रवास विम्यात बहुधा नसतं, नीट वाचून घ्या.

आता दिवसांविषयी, कारण धागा त्याचाच आहे. लुक्लाची धावपट्टी फक्त ५२७ मीटर, तीही तिरकी, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी. ढग आले की विमानं बंद. कधी एक दिवस, कधी तीन. ऐन हंगामात बरीचशी उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून होतात, तिथे जायला मध्यरात्रीच गाडीत बसावं लागतं. म्हणून परतीचं मुंबईचं तिकीट काढताना मध्ये निदान दोन मोकळे दिवस ठेवा. ते ठेवले नाहीत की डोक्यावर तिकिटाची तारीख बसते, आणि मग माणूस डोकं दुखत असतानाही चालत राहतो.

आणखी एक कळकळीने. हमालाला "शेर्पा" म्हणू नका. शेर्पा ही जमात आहे. ओझी वाहणाऱ्यांत राई, तामांग, मगर असे कितीतरी असतात, आणि त्यांतले बरेच जण खालच्या खेड्यांतून आलेले असतात. उंची त्यांनाही बाधते. दोघांमध्ये एक हमाल घेणार असाल तर दोघांचं मिळून वीस-बावीस किलोच्या वर सामान देऊ नका. त्याचे बूट, त्याचे थंडीचे कपडे बघा, त्याचा विमा आहे का ते विचारा. नावाने आणि भाइ, दाई म्हणून हाक मारा.

गवतफूल

मला विचारायला संकोच वाटतोय, पण इथे बायका आहेत म्हणून विचारते. पाळी त्या दिवसांत आली तर? आणि स्वच्छतागृहांचं काय?

सह्यसखी

गवतफूल, संकोच कसला. मला पहिल्या वेळी दिंगबोचेतच आली होती. तारीख जवळ नसली तरी उंचीवर पुढेमागे होते, म्हणून सामान घेऊनच निघायचं. मी दुसऱ्या वेळी पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरला, पण त्याची सवय घरी चार-सहा महिने आधी करून घेतली. पॅड वापरणार असशील तर वर कुठे टाकायला जागा नाही, हे धरून चाल. काळ्या पिशवीत गुंडाळून, आणखी एका घट्ट डब्यात घालून खाली घेऊन यायचं. हातांसाठी सॅनिटायझर गळ्यात, कारण पाण्याला हात लावणं अवघड असतं.

नामचेपर्यंत बरी स्वच्छतागृहं मिळतात, त्याच्यावर बहुतेक भारतीय पद्धतीची, बाहेर किंवा जिन्याखाली. शेजारी पिंपात पाणी, पहाटे त्याच्यावर बर्फाची पापडी. मगाच्या कडेने ती फोडायची आणि पाणी घ्यायचं. भरपूर पाणी प्यायचं असल्यामुळे रात्री दोन-तीनदा उठावंच लागतं. ते टाळायला पाणी कमी प्यायलं असं मात्र करू नकोस.

खाण्याबद्दल तीन जणांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) विचारलंय, इथेच लिहिते. खोली स्वस्त, जेवण महाग, आणि जेवढं वर जाल तेवढं महाग, कारण पिठाचा कणनकण पाठीवरून किंवा जनावरावरून वर येतो. ज्या लॉजवर राहाल तिथेच जेवायचं, हा तिथला रिवाज आहे. डाळभात घ्या, भात-डाळ पुन्हा वाढतात. मांसाहार नामचेच्या वर टाळा. खुंबूत जनावर मारत नाहीत, मांस खालून दिवसच्या दिवस पाठीवर येतं. आम्ही मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि दाण्याची चटणी नेली होती. चव गेलेल्या तोंडाला मेतकूट-भाताने जेवढं जेववलं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही. लसणाचं सूप सगळे देतात, गरम म्हणून प्या. औषध समजू नका.

फोनची बॅटरी थंडीने पटकन उतरते, रात्री झोपायच्या पिशवीत अंगाशी घेऊन झोपा. आणि याक किंवा झोप्क्यो (याक आणि गायीचा संकर) समोरून आले की नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. पुलावर तर ते पूर्ण पार होईपर्यंत पाऊलही टाकायचं नाही.

रानवाट

बेस कॅम्पवरून एव्हरेस्ट कसं दिसतं? तिथे राहता येतं का?

मेघदूत

बेस कॅम्पवरून शिखर दिसत नाही, मध्ये बाकीचे डोंगर येतात. दिसतं ते काला पत्थरवरून. ट्रेकवाल्यांचा मुक्काम गोरकशेपला, बेस कॅम्पला जाऊन परत यायचं. चढाईचे तंबू वसंतात असतात.

आणि तेच तंबूवाले बघा. १९९८ला सुरेंद्र चव्हाण, २०१२ला पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे गडी, आपल्याकडचे असे वर गेलेले लोक आपापल्या बेस कॅम्पच्या आसपास कित्येक आठवडे होते. वर चढायचं, खाली यायचं, पुन्हा वर. ज्यांना ८,८४८ मीटर गाठायचंय ते इतके दिवस देतात, आणि आपण दोन दिवस वाचवतो.

निवडुंग

माझी आई ६१ वर्षांची आहे, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, रोज पर्वती चढते. शाळेत असताना तिने तेनसिंग आणि हिलरीचा धडा वाचला होता, तेव्हापासून तिला एकदा एव्हरेस्ट डोळ्यांनी बघायचंय. बेस कॅम्पचा हट्ट नाही. तिला नेऊ का?

स्टेथो

निवडुंग, वय हे नाही म्हणायचं कारण नाही. आधी हृदयाची तपासणी करून घ्या, ट्रेडमिलवरची सुद्धा. रक्तदाबाच्या गोळीचं नाव तुमच्या डॉक्टरांना सांगून विचारा, काही गोळ्या तिथल्या कोरड्या हवेत आणि पाणी कमी झाल्यावर त्रास देतात. रक्तदाब आटोक्यात असेल तर तेंगबोचेपर्यंत जायला हरकत दिसत नाही. फक्त वेग आईंचा हवा.

सह्यसखी

नक्की न्या! नामचेच्या चढावर, वर पोचायच्या बऱ्याच आधी, झाडांच्या फटीतून एव्हरेस्ट पहिल्यांदा दिसतं. नामचेला तीन रात्री राहा. शनिवार धरा, तिथला आठवडी बाजार असतो. एक दिवस स्यांगबोचेच्या वर जाऊन या, तिथे ल्होत्से, एव्हरेस्ट आणि आमा दबलम एका नजरेत मावतात. खुमजुंगला हिलरींनी १९६१ साली बांधलेली शाळा आहे, आईंना तिथे नक्की न्या.

तेंगबोचेला दुपारची प्रार्थना चुकवू नका. तिथला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, १९३४च्या भूकंपात पडला, १९८९ला आगीत गेला, दोन्ही वेळा पुन्हा उभा राहिला. बूट बाहेर काढून आत भिंतीशी बसायचं. लाकडी जमीन इतकी गार असते की दोन मोज्यांतूनही कळते, म्हणून आईंसाठी लोकरीचं आसन न्या. शिंगं वाजायला लागली की तो आवाज आधी जमिनीतून येतो, मग कानाला ऐकू येतो.

कोकणकडा

तीन दिवस हा धागा वाचतोय. वर लिहिलं त्यात एक गोष्ट मी सांगितली नव्हती, कारण इतकी वर्षं तिच्याकडे मी तसं पाहिलंच नव्हतं. आमच्यातला एक जण लोबुचेला रात्रभर ओकत होता. सकाळी आम्ही त्याला दोन गोळ्या दिल्या, त्याची सॅक वाटून घेतली आणि त्याला मध्ये घालून गोरकशेपला नेला. बेस कॅम्पच्या फोटोत तो आहे, पण त्याला तो दिवस आठवत नाही. आम्ही आजवर ते गमतीने सांगत आलो. काल रात्री त्याला फोन केला, हा धागा वाचून दाखवला, आणि माफी मागितली.

डिसेंबरात माझा पुतण्या मित्रांबरोबर अन्नपूर्णेला जायचं म्हणतोय. त्याचं वेळापत्रक इथे टाकू का? स्टेथो, सखीताई, जरा बघाल का?

स्टेथो

जरूर टाका. मुक्कामाची उंची प्रत्येक रात्रीपुढे लिहा.

निवडुंग

सात महिन्यांनी धागा वर काढतेय. आम्ही नोव्हेंबरात जाऊन आलो. आई, मी आणि एक दिदी वाटाडी. आईच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. फाकदिंग, मोंजो, मग नामचेला चार रात्री, कारण दुसऱ्या रात्री आईचं डोकं थोडं दुखलं. आम्ही ठरल्याप्रमाणे एक दिवस वाढवला, आणि दुखणं थांबल्यावरच निघालो. आई प्रत्येक चढावर "बिस्तारै, बिस्तारै" म्हणायची. हळूहळू, असा त्याचा अर्थ. हा शब्द तिला दिदींनी शिकवला.

तेंगबोचेला दोन रात्री राहिलो. लोकरीचं आसन नेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आईने मला उठवलं, आम्ही गोंपाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. आधी आमा दबलमच्या मागे उजळलं, मग एव्हरेस्टच्या टोकावर ऊन आलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग पिशवीतून स्टीलचा डबा काढून तिने दिदींच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला, एक मला दिला, आणि म्हणाली, "त्या धड्यात चित्र काळं-पांढरं होतं."